म्हाळाची फेरी

निघताना गाडीत एकतीस वस्तू होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. दोन स्ट्रेचर, चार घोंगड्या, एक स्टोव्ह, रॉकेलचा एक डबा, पेट्रोलचे दोन कॅन, पाण्याचे एक पिंप, पाच भांडी, एक कंदील, एक जॅक, एक स्टेपनी, हत्यारांची एक पेटी (आतली हत्यारे मोजली नाहीत), तीन नारळ, तीन टॉवेल, तीन टोप्या, एक पंचांग आणि एक भिंग. माणसे दोन होती. माझे थोरले चुलते आकाराम, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, आणि मी. चष्मा एकही नव्हता.

चष्मा का नव्हता, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी आदल्या वर्षी कागदावर लिहून दिले होते. तात्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे काढता येण्यासारखे नव्हते आणि काचा लावून सुधारण्यासारखेही नव्हते. मधले दिसेनासे होणार, कडेचे दिसत राहणार. किती वेगाने, ते डॉक्टरांना सांगता आले नाही. तो कागद वडिलांनी ट्रंकेत तळाशी ठेवला होता.

सप्टेंबरात तात्यांनी अंगणात गाडी वळवताना हौदाची कड पाडली. वडील त्यांना काही बोलले नाहीत. मला परड्यात घेऊन गेले.

"तू बी.एस्सी. झालास न्हवं?" ते म्हणाले. "मग या फेरीला तात्याबरुबर जा. किती दिसतंय ते बघून ये. 'बरं दिसतंय' आन 'कमी दिसतंय' असलं मला सांगू नगंस. मोजून सांग. दिसत नसंल तर गाडी दिवाळीआधी भंगारात घालतो. कुणाचं पोर चाकाखाली यायची वाट बघणार न्हाई मी."

हे तात्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना ते माहीत होते.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी ॲम्बुलन्स. तात्या एकवीस वर्षे फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर दुसऱ्या वर्षी काकी वारल्या, मूलबाळ नव्हते. त्यानंतर त्यांनी ही गाडी आणली. दारावरचा लाल क्रॉस त्यांनी दोनदा रंगवून झाकला, तरी उन्हात तो खालून फिका दिसायचा. वर्षातून अकरा महिने गाडी आमच्या मसूरच्या घराच्या पाठीमागे उभी असायची आणि कोंबड्या तिच्याखाली बसायच्या. बाराव्या महिन्यात ती म्हाळाला निघायची.

आमच्याकडे पितृपंधरवड्यात, माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याच्या नावाचे जेवण घालतात. त्याला म्हाळ म्हणतात. कोणीतरी एक जण मेलेल्या माणसाच्या जागी पाटावर बसतो. पहिले ताट त्याचे. तो जेवला की घरातले जेवतात. तात्यांचे तीन दोस्त होते, तिघेही त्यांच्याच तुकडीतले ड्रायव्हर: कवठे महांकाळचा बिराप्पा, शिरवळचे दादासो आणि आष्ट्याचे आप्पासो. तिघेही लढाईत वाचले आणि पेन्शनीत घरी, अंथरुणावर गेले. तिघांच्याही घरी पाटावर तात्याच बसत. आप्पासो शेवटी गेले, त्यालाही सहा वर्षे झाली होती.

१९७४ साली भाद्रपद अधिक आला होता, म्हणून पंधरवडा ऑक्टोबरात पडला. निघण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी ओसरीवर बसून, पंचांगावर भिंग धरून, वहीत मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. बिराप्पा द्वितीया, तारीख तीन. दादासो चतुर्थी, तारीख पाच. आप्पासो षष्ठी, तारीख आठ.

मी नकाशा घेऊन अंतरे काढली. मसूरहून कवठे महांकाळ, तिथून उलटे पार वर शिरवळ, पुन्हा खाली आष्टा आणि घर. पाचशे ऐंशी किलोमीटर. कवठे महांकाळवरून आधी आष्टा केले आणि शिरवळ शेवटी ठेवले, तर पंच्याण्णव किलोमीटर वाचत होते.

"तात्या, ह्या क्रमानं गेलं तर पेट्रोल फार जातंय," मी म्हणालो.

"मग त्यांस्नी सांगायचं व्हतंस, वाटंवरच्या सोयीनं मरा म्हणून," तात्या म्हणाले.

दोन तारखेला सकाळी आम्ही निघालो. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते. विट्याच्या बाजूला बाजरी कापून झाली होती आणि लोकांनी कणसे डांबरी रस्त्यावरच वाळत घातली होती. भोवताली दगडांची कड. तात्या प्रत्येक कडेला वळसा घालून जात, एकही दगड हलला नाही. रस्त्याची कड त्यांना दिसत होती. माणसाशी बोलताना मात्र ते तोंडाकडे न बघता कानाकडे बघत. कानाकडे बघितले की तोंड कडेला येते आणि कडेचे दिसते. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

मी मोजायला सुरुवात केली. पद्धत सोपी होती. समोर काही आले की मी घड्याळ बघायचो. तात्या त्याचे नाव घेत, तेव्हा पुन्हा बघायचो. वेग गाडीतल्या स्पीडोमीटरच्या काट्यावरून कळत होता, अंतर त्यातून काढता येत होते. पहिल्या तासात माझ्याकडे अकरा नोंदी झाल्या आणि त्या इतक्या चांगल्या होत्या की मला शंका आली. तात्या दीडशे मीटरवरून मैलाचा दगड वाचत होते.

"विटा आठ," ते म्हणाले. दगड अजून वळणापलीकडे होता.

मी वही मिटली. या रस्त्यावर ते नऊ वर्षे येत होते. मी नजर मोजत नव्हतो, आठवण मोजत होतो.

कामाची म्हणावी अशी एकच नोंद झाली. विट्याच्या पुढे रस्त्याच्या बरोबर मधे एक काळे रेडकू बसले होते. मी वाट पाहिली. चाळीस मीटर राहिले तेव्हा मला धीर धरवला नाही.

"तात्या, रेडकू!"

त्यांनी ब्रेक दाबला. मागे भांडी आपटली. रेडकू सावकाश उठून गेले.

"दिसलं व्हतं," तात्या म्हणाले.

मी बोललो नसतो तर काय झाले असते, ते मला ठरवता येईना. त्या नोंदीपुढे मी प्रश्नचिन्ह घातले.

कवठे महांकाळजवळच्या वाडीत गाडी शिरली की दर वर्षी एकच गोष्ट होते, असे तात्यांनी सांगितले होते. तशीच झाली. बायका घरातून बाहेर आल्या.

"कोण आजारी हाय वं?" एकीने विचारले.

"आजारी न्हाई, उपाशी हाय!" तात्या खिडकीतून ओरडले.

बिराप्पाचा मुलगा धनाजी मेंढरे विकून आता शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन बघत होता. त्याने गाडीचे दार उघडले आणि तात्यांच्या पाया पडला. "तात्या, अजून तुमीच हाणताय व्हय? आमी म्हटलं ड्रायव्हर ठिवला असंल."

"ठिवलाय की. हा बघ, बी.एस्सी. झालेला. पर ह्याला गेर टाकाय येत न्हाई."

"मग काय येतंय?"

"हिशेब येतोय. तुझ्या शेळ्या किती पावलं चालल्या ते सांगंल."

सगळे हसले. मीही हसलो. मला गाडी थोडी चालवता येत होती, पण तसे सांगण्याची ती वेळ नव्हती.

दुपारी तात्या पाटावर बसले. खीर, वडे, अळूची भाजी, कढी. धनाजीने केळीच्या पानावरचा घास कौलावर ठेवला आणि आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो. तात्याही वर बघत होते, पण घासाच्या हातभर डावीकडे. कावळा आला तेव्हा मी हळूच म्हणालो, "आला." तात्यांनी लगेच हात जोडले.

त्यानंतर कोणी बिराप्पाविषयी काही बोलले नाही. शेळ्यांचा भाव, दुष्काळानंतर मोडलेली पाझर तलावाची कामे, धनाजीच्या धाकट्याची भरती, असे बोलणे झाले. तात्या हूं हूं करत होते. मला वाटले होते, हे लोक तात्यांना मेलेल्या माणसाच्या गोष्टी विचारतील. विचारण्यासारखे सगळे आधीच्या वर्षांत विचारून झाले होते. आता ते पाटावर बसायचे, जेवायचे आणि जायचे.

दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून तात्या मला दंडोबाच्या डोंगरावर घेऊन गेले. देवळात जाऊन आम्ही बाहेरच्या कड्यावर बसलो. वारा होता. तात्यांनी हात लांब केला.

"ती मिरज. तिच्या पलीकडं नदी चमकतीया बघ, कोयत्यावाणी. हितनं उजवीकडं रेल्वे. एकदा आमी चौघं रजंवर आल्तो, तवा हितं बसून रेल्वेचं डबं मोजलं व्हतं. बिराप्पा म्हणला सतरा, दादासो म्हणला अठरा. लय भांडलं."

मी त्यांच्या हाताच्या दिशेने बघितले. खाली पांढरे धुके होते. मला झाडांची एक ओळ दिसत होती, तीही नीट नाही.

"दिसली का नदी?" तात्यांनी विचारले.

"दिसली," मी म्हणालो.

वहीत मी लिहिले: दृश्यता सुमारे दीड किलोमीटर.

चौघांतले हे एकटेच उरले होते आणि त्यांच्याबरोबर त्या कड्यावर बसायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. मी ते डबे बघितलेले नव्हते आणि भांडणाचा निकाल काय लागला, तेही विचारायचे सुचले नाही.

चार तारखेच्या दुपारपासून पाचच्या सकाळपर्यंत आम्ही वर चढत होतो. तासगाव, विटा, कऱ्हाड, मग मोठा रस्ता. साताऱ्याच्या पुढे तात्या म्हणाले, "आता डावीकडं वडाची रांग लागंल. आठ वड हायत. पाचव्याखाली थांबू, च्या करू."

मी वड शोधत होतो. रस्ता रुंद झालेला होता. कडेला खडीचे ढीग होते आणि जमिनीलगत कापलेले बुंधे. मी ते मोजले, आठ होते.

"तात्या, वड तोडलेत."

गाडी त्याच वेगाने चालली होती. "मला वाटलं, ऊन कसं लागाय लागलं," ते म्हणाले. "म्हटलं, ढग गेला असंल."

चहा आम्ही खंबाटकीचा घाट उतरल्यावर केला, गाडीच्या सावलीत.

शिरवळला दादासोंचे घर रस्त्याकडेला सरकले होते. म्हणजे जुने पाडून मुलाने पुढे दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलगा नव्या कारखान्यात पाळीवर गेला होता. दाराशी त्याची बायको जाईबाई आली. लग्नाला दोन वर्षे झाली होती. मागच्या वर्षी म्हाळाच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती. तिने आम्हाला पहिल्यांदाच पाहिले.

"आवं, या. ह्यांनी सांगून ठिवलंय, दवाखान्याच्या गाडीतनं एक म्हातारं येतील म्हणून." मग तिला वाटले, आपण काहीतरी चुकीचे बोललो. "म्हणजे, तुमी येनार म्हणून."

"म्हातारंच हाय मी, पोरी."

तिने स्वयंपाक नेटका केला होता. घरात दुसरे कोणी पुरुष माणूस नव्हते. भिंतीवर दादासोंचा फोटो होता, त्याखाली पाट. तात्या पाटावर बसले, मी शेजारी. ती वाढत होती आणि मधेच पाळण्याची दोरी ओढत होती.

"तुमी मामंजींचं कोन?" तिने विचारले. "भाऊबंद?"

"न्हाई. आमी चार गाड्या एकामागं एक हाणायचो. पयला आप्पासो, मग बिराप्पा, मग तुजा सासरा, मागं मी."

"मग तुमी त्यांच्या मागचं."

"व्हय," तात्या म्हणाले. "मागला गाडीवाला."

घास तिने स्वतःच परसातल्या भिंतीवर ठेवला. कावळ्याला यायला वीस मिनिटे लागली. तोवर बाळ उठले. निघताना तात्यांनी नारळ तिच्या हातात दिला, टॉवेल आणि टोपी तिच्या नवऱ्यासाठी ठेवली. तात्यांनी विचारले, "दादासोची शिट्टी हाय का गं घरात? कॉन्व्हॉय थांबवायची शिट्टी असायची त्याच्याकडं." तिला माहीत नव्हते. ती म्हणाली, ह्यांना विचारते.

वहीप्रमाणे आष्ट्याला आठ तारखेला पोचायचे होते. मधे दोन दिवस मोकळे होते. पाच तारखेला चतुर्थी, तर षष्ठी सातला यायला हवी, हे मला तिथेच दिसायला हवे होते. माझ्या डोक्यात तो हिशेब येऊनही गेला. पण तिथी वाढते, तिथी लोपते, एवढे मी ऐकून होतो. पंचांग हा माझा विषय नाही, असे मी समजत होतो. पाचशे ऐंशी किलोमीटरचा हिशेब मी दोनदा तपासला होता. दोन अधिक चार मी एकदाही तपासले नाही.

ते दोन दिवस आम्ही कऱ्हाडला संगमावर काढले. तात्यांनी नदीच्या कडेला गाडी लावली आणि सात तारखेला सकाळपासून ती धुतली. चाके, मडगार्ड, टप. शेवटी दारे. मी पाण्याच्या बादल्या आणून देत होतो. कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात तिथे दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहते. किती अंतर, ते मी काठाने चालत मोजले. दोनशे दहा पावले.

"आप्पासोच्या दारात मळकी गाडी न्हाई न्यायची," तात्या म्हणाले. "सहा वर्षं त्याच्या धुरळ्यात गाडी हाणली. तो पुढं, त्याला काय, कोरा रस्ता. मुक्कामाला पोचलं की मला बघून हसायचा. म्हणायचा, आकाराम आला का मातीचा गणपती आला?"

आप्पासोंविषयीचे त्यांचे त्या फेरीतले सगळ्यात लांब बोलणे ते होते. दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही झाडाखाली भाकरी खाल्ली आणि झोपलो. आष्टा तिथून पंचावन्न किलोमीटर होते.

आठ तारखेला सकाळी साडेदहाला आम्ही आष्ट्यात शिरलो. तात्यांनी पांढरा शर्ट घातला होता. गाडी आरशासारखी होती. आप्पासोंच्या दारात गाडी थांबली, पण कोणी बाहेर आले नाही. अंगणात दोरीवर मोठी भांडी पुसायची फडकी वाळत होती. चुलीतली राख काढून बाहेर टाकलेली होती. पायरीवर एक माणूस विडी ओढत बसला होता. तो शेजारचा नाथाजी, गवंडी. त्याने उठून हाक मारली, "काकी, पावनं आलं बगा. एक दिस उशिरा!"

आप्पासोंच्या बायको बयाबाई बाहेर आल्या. हात पदराला पुसत त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "काल व्हतं."

"काय काल?"

"म्हाळ. काल झाला की."

तात्या गाडीतून उतरले होते, एक हात दारावर होता. "षष्ठी आज हाय, वैनी."

"षष्ठी काल झाली. आज सप्तमी. गुरवानंच सांगितलंय, साऱ्या गावाचं काल झालं."

"तिथी लोपली असंल," तात्या म्हणाले. "पंचांगा-पंचांगात फरक असतोय. लाला, पंचांग आण."

मी पंचांग आणले. पायरीवर ठेवले आणि ते पान काढले. कोष्टकात एका तारखेला एक ओळ होती, अक्षरे बारीक. सात तारखेच्या ओळीत षष्ठी होती. आठच्या ओळीत सप्तमी. मी भिंगही बरोबर आणले होते, ते ठेवून बघितले. भिंगाखाली एका वेळी चारच अक्षरे मावत होती. ते डावीकडून उजवीकडे नेताना हात केसभर खाली आला तर ओळ बदलते आणि बदलली हे कळत नाही.

"सात," मी म्हणालो. "सातलाच होती, तात्या. ओळ चुकली."

"तुमी न्हाई आला, चार वाजूस्तवर थांबलो," बयाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "येस्टीच्या दोन गाड्या बघून आली सून. म्हटलं, गाडी बिघडली असंल. आन्न निवाय लागलं. मग नाथाजीला बसवलं पाटावर."

"मी न्हाईच म्हणत व्हतो," नाथाजी म्हणाला. "मी आप्पासोंस्नी कवा बघितलंबी न्हाई, मी आत्ता तीन वर्सांमागं आलो हितं. पर काकी म्हणल्या, पाट मोकळा ठिवू नये. मग बसलो. तुमच्या वाटणीचं सात वडं मीच हाणलं, तात्या. रातभर प्वाट गच्च."

कोणी हसले नाही, म्हणून तो पुढे म्हणाला, "लय झकास झालं पर."

"कावळाबी लगीच शिवला," बयाबाई म्हणाल्या. "घास ठिवला आन आलाच. जीवाला लावून घेऊ नगा, भाऊजी. त्यांचं काय आडलं न्हाई."

त्या तात्यांना धीर देत होत्या. तात्या त्यांच्या कानाकडे बघत उभे होते.

"या, आत या. रातची खीर हाय, गरम करती."

"येतो," तात्या म्हणाले. पण ते आत गेले नाहीत. पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली, पूर्ण नावाने, जशी ते कधी मारत नसत. "लालासाहेब."

"जी."

"तुझ्या बापानं तुला कशाला लावून दिलंय, सांगू?"

मी पंचांग मिटले.

"रेडकू मला दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "तू वरडलास म्हणून पाय दाबला. त्या दिशी म्हटलं, चालतंय, रस्ता तर माझा हाय. रस्ता येतोय मला झोपंत. पर आज..." ते थांबले. "किती मोजलंस तू?"

"काही धड मोजता आलं न्हाई. तुमाला सगळं पाठ आहे."

"मग जे पाठ न्हाई ते ठिव म्होरं. फौजेत सालाला एकदा उभं करायचं. पंचवीस पावलं. गाडीचा नंबर वाचायचा. वाचला तर स्टेअरिंग, न्हाई तर कूकहाउसात भाकऱ्या भाजाय. सायबाचा जावई असला तरी."

"तात्या, घरी गेल्यावर करू."

"घरी तुझा बाप आसंल. आई रडंल. हितं कर." मग ते नाथाजीकडे वळले. "गवंडी हायस न्हवं? टेप हाय का?"

"हाय की. कशाला?"

"आण. आन खडू आण. पंचवीस पावलावरनं नंबर वाचला, तर पुढच्या साली पंचांग हा बघंल, गाडी मी हाणीन, आन वैनी, षष्ठीला दहा वाजता मी या दारात असंन. न्हाई वाचला तर किल्ली ह्याच्या हातात. तिघांच्या घरी तूच कळव, लाला. कार्ड टाक. म्हणावं, दुसरा कोनतरी बसवा."

"आसलं काय बोलताय भाऊजी," बयाबाई म्हणाल्या. "येस्टी हाय की. येस्टीनं या."

"कवठ्याहून शिरवळ येस्टीनं, वैनी? चार गाड्या बदलून, फलकं वाचत?"

बयाबाईंनी पदर सारखा केला. एस.टी.च्या फलकावरची अक्षरे कोणाला तरी विचारावी लागतील, हे त्यांनाही कळले असावे.

नाथाजीने टेप आणि पांढऱ्या खडूचा तुकडा आणला. तात्यांना मी गाडीकडे पाठ करून उभे केले. गाडीचे मागचे दार हिरवे होते आणि आदल्या दिवशी धुतलेले होते. त्यावर मला चार आकडे काढायचे होते. किती उंचीचे, ते मला ठरवायचे होते. गाडीच्या नंबराचे आकडे असतात तेवढ्या उंचीच्या, मी टेप लावून तीन इंचांवर दोन आडव्या रेघा मारल्या. साडेतीनवर मारल्या असत्या तर तिथे कोणाच्या लक्षात आले नसते. तात्यांच्याही नाही. मी रेघा पुसल्या, पुन्हा टेप लावली आणि तीनवरच मारल्या. मग आकडे लिहिले. एकही आकडा दोनदा येणार नाही, असे बघितले. ऊन माझ्या पाठीमागून, थेट दारावर पडत होते. यापेक्षा चांगला उजेड मिळाला नसता.

दारापासून मी पंचवीस पावले टाकली. अडीच फुटांचे एक पाऊल, म्हणजे साडेबासष्ट फूट. तिथे पायाने रेघ ओढली आणि तात्यांना आणून उभे केले.

"फिरा," मी म्हणालो.

ते फिरले. काही क्षण सरळ बघत राहिले, मग मान जरा उजवीकडे कलती केली, मग डावीकडे.

"असं बघितलं तर चालंल?"

"चालंल. कसंही बघा."

बयाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. सून आतून आली होती. नाथाजीने विडी विझवली होती.

"पयला सात," तात्या म्हणाले.

मी दाराकडे बघितले. पहिला सात नव्हता.

"खोटं बोलू नगंस. हाय का सात?"

"न्हाई, तात्या."

"मग अंदाजानं सांगत न्हाई आता," ते म्हणाले. "दिसंल तवा सांगतो. तू माझ्याकडं बघू नगंस, जमिनीकडं बघ."

ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मान कलती केली. पुन्हा एक पाऊल. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. प्रत्येक पावलानंतर ते बराच वेळ थांबत होते, घाई अजिबात नव्हती. विसाव्यावर आले, पंधराव्यावर आले. बाराव्यावर त्यांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आणखी दोन पावले आणि मग एक अर्धे. तिथे त्यांनी चारही आकडे वाचले, डावीकडून उजवीकडे, एकेक करून. चारही बरोबर होते.

"हललो न्हाई," ते म्हणाले. "मोज."

मी त्यांच्या उजव्या चपलेच्या टोकाला टेपचे एक टोक धरले. दुसरे टोक नाथाजीने दाराला लावले. बयाबाईंनी पुढे येऊन मधे लोंबणारी टेप बोटाने वर उचलून धरली. मी वाकून वाचले, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा वाचले.

तेवीस फूट सात इंच.